आजीची पेटी, बारा कॅसेट आणि एक वही : कामाच्या नोंदी

आईची आई, आमची नगरची आजी, नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली. आयुष्यभर शिक्षिका होती, आणि १९५१ पासून २००९ पर्यंत दर रविवारी देवळात पेटी वाजवली. (नगरकडे आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो.) तिच्या मागे उरलं ते एवढं : एक डबल सुराची पेटी (म्हणजे हार्मोनियम, प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर असे दोन सूर असलेली), १२ कॅसेट, पदांची एक वही आणि फोटोंचे दोन अल्बम. पहिल्या स्मृतिदिनापर्यंत हे सगळं ऐकण्या-वाचण्याजोगं करून एक छोटी पुस्तिका छापायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. घरोघरी अशा ट्रंका पडून आहेत, त्यातली एखादी कोणी उघडणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. चुकाही आहेत तशा लिहिल्या आहेत.

६ जुलै २०२५, रविवार, नगर

उपासनेनंतर मामाकडे ट्रंक उघडली. कॅसेट १९८६ ते १९९८ मधल्या, सगळ्या मामाने टू-इन-वनवर भरलेल्या. लेबलांवर आजीचं अक्षर : 'नाताळ', 'ईस्टर पहाट', 'देशी चाली', 'घरची भक्ती'. तीन कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी. दोघींच्या आतली फितीला टेकणारी छोटी गादी पडलेली. एकीची दुसरी बाजू १९९७ साली लग्नाच्या गडबडीत सिनेमाच्या गाण्यांनी पुसली गेली. मामानेच भरली होती. लेबल वाचून तो कितीतरी वेळ काही बोलला नाही.

पेटीचा भाता फुसफुसतो. दोन सूर मुके, एक-दोन घोगरे.

आजची चूक फोटोंची. चिकट पानांच्या अल्बममधून आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो मी नखाने उचलायला गेले आणि कोपऱ्याचा कागद पानालाच राहिला. मग मामीने दात साफ करायचा दोरा आणला. दोन्ही टोकं हातात धरून फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढायचा, फोटो अख्खा सुटतो. उरलेले ४० फोटो असेच काढले, संध्याकाळ गेली. फोटो सुटेनासा झाला तर पानासकट स्कॅन करा, ओढू नका.

२० जुलै, पुणे

कॅसेटचं काम आपल्याला जमायचं नाही असं वाटून सहा कॅसेट पुण्यातल्या एका दुकानात दिल्या होत्या. कॅसेटमागे २५० रुपये, एकूण १,५००. आज फाइली मिळाल्या. खरखर काढायची म्हणून त्यांनी आवाज इतका 'स्वच्छ' केला की पदाआधी आजी भाता भरते तो श्वासासारखा आवाजच गेला. दोन पदांच्या मध्ये ती "हं, पुढचं" म्हणायची, तेही कापलंय. मूळ, काहीही न पुसलेली फाइल मागितली तर ठेवलेली नाही म्हणाले.

दुकानात द्यायचंच असेल तर आधीच कागदावर लिहून द्या : काहीही साफ करू नका, काहीही कापू नका. मी हे सांगितलंच नव्हतं. कॅसेट परत मिळाल्या, एवढं बरं. आता घरीच.

३ ऑगस्ट, रविवार

मागच्या रविवारी जुन्या बाजारातून एक कॅसेट डेक आणला, ३,२०० रुपये. दुकानदाराने लावून दाखवला तेव्हा चालला, घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी बंद. उघडला तर आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चाकांना चिकटला होता. कापूस, स्पिरिट आणि दोन तास. नवा पट्टा १८० रुपये, स्पिरिट १५०. जुना डेक घ्याल तर पट्टा बदलायचाच आहे असं धरून चाला.

गादी पडलेल्या दोन कॅसेटच्या फिती दुसऱ्या डब्यांत घातल्या. स्क्रूचे डबे सोपे. चिकटवलेले डबे सुरीने शिवणीवर उघडावे लागतात, आणि तेव्हा दोन्ही चकत्या बोटाने दाबून ठेवल्या नाहीत तर फीत भस्सकन बाहेर येते. माझी एकदा आली. गुंडाळायला पाऊण तास लागला, फितीला एक चुणी पडली ती पडलीच. त्या जागी आवाज अर्धा सेकंद बुडतो.

बुरशीच्या तीन सगळ्यांत शेवटी घेणार. तोंडाला मास्क, फीत सावकाश फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसायची, आणि प्रत्येक कॅसेटनंतर डेकचं हेड पुसायचं. नाहीतर बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.

१५ ऑगस्ट

दोन शनिवार-रविवार वाया गेले. डेकची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावली होती. नऊ बाजू भरून झाल्यावर हेडफोन लावून ऐकलं, तर मंडळीने जोरात म्हटलेलं प्रत्येक धृपद फाटलेलं. फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. सगळं पुन्हा. लाइनची जागा असलेली बाहेरून जोडायचं साउंड कार्ड घेतलं, २,४०० रुपये. आता आधी कॅसेटमधला सगळ्यांत मोठा आवाज शोधते, तो मायनस सहा डेसिबलच्या वर जाणार नाही असं बटण लावते, आणि मगच पहिल्यापासून भरते. पहिल्या पाच मिनिटांनंतर थांबून ऐकणं हा नियमच केला.

भरतानाच ऐकणंही होतं. 'घरची भक्ती' कॅसेटवर आजी माझ्या मावसबहिणीला पेटी शिकवताना मध्येच सांगते, की रेडिओवर पेटीला मनाई होती तेव्हासुद्धा आमच्या देवळात पेटी वाजत होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली होती आणि १९७१ पर्यंत ती बंदी होती. आजीने हातात पेटी धरली ती या काळाच्या बरोबर मध्ये. तिच्या वहीत हिशेब आहे : पेटी १४० रुपये, दरमहा १० रुपये हप्ता. पगार तेव्हा पन्नासच्या आत.

३१ ऑगस्ट, रविवार, नगर

दोन कामं घेऊन आले, तिसरं आपोआप झालं.

पहिलं : जन्मतारीख. आधारवर १ जून १९३०, कबरीच्या दगडावरही तेच कोरलंय. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला तो १ जून महाराष्ट्रातल्या किती म्हाताऱ्यांचा वाढदिवस आहे, कोण जाणे. पाळकसाहेबांनी जुनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं काढून दिली. शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : नोव्हेंबर १९७० मध्ये वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आमच्या मंडळीत त्यानंतरची रजिस्टरं वेगळ्या कपाटात आहेत, आधीची अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली वेगळी. मी तासभर चुकीच्या कपाटात शोधत होते.

नोंद सापडली. १४ मार्च १९२६, 'वय दीड महिना', वडील राहुरीजवळच्या गावात मिशनच्या शाळेचे शिक्षक. शाई तपकिरी होऊन कागदात मुरली आहे, पण बाळबोध अक्षर स्वच्छ. म्हणजे आजी ९४ व्या वर्षी नाही, ९८ व्या वर्षी गेली. आणि १९८८ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झाली तेव्हा ती खरी ६२ वर्षांची होती. चार वर्षं जास्त शिकवलं तिने. पानाचा फोटो घेतला. फ्लॅश लावला नाही, खिडकीजवळ उजेडात धरून घेतला. दगड कोरणाऱ्याला ८०० रुपये देऊन साल दुरुस्त करायला सांगितलं.

दुसरं : पदांच्या जुन्या पुस्तकाची आवृत्ती. आजीच्या वहीत बऱ्याच पदांवर नुसते आकडे आहेत, आणि आत्ताच्या 'उपासना संगीत'मधल्या आकड्यांशी ते जुळत नाहीत. मंडळीतल्या एका मावशींकडे जीर्ण प्रत निघाली, ती दोन आठवड्यांच्या बोलीवर आणली.

तिसरं : घंटा. उपासना सुटल्यावर घंटा वाजली आणि मी जागीच थांबले. 'ईस्टर पहाट' कॅसेटच्या सुरुवातीला हीच घंटा आहे. मोबाइलवर पाच ठोके भरून घेतले. का, ते पुढच्या नोंदीत.

१४ सप्टेंबर

कॅसेटवर आजीचा आवाज मला लहानपणापासून आठवतो त्याहून बारीक वाटत होता. मामाचा टू-इन-वन तेव्हाच म्हातारा होता. भरताना टेप हळू फिरली असेल तर आता चांगल्या डेकवर ती पळते आणि आवाज चढतो. किती चढला ते कळायला न बदललेलं काहीतरी हवं. काहींनी टेपवर उतरलेल्या विजेच्या गुणगुणीवरून ५० हर्ट्झ धरायला सांगितलं. तो नाद सोडला, कारण त्या वर्षांत आपल्याकडे विजेची वारंवारता स्वतःच खालीवर व्हायची, आणि देवळात टू-इन-वन सेलवर चालायचा.

घंटा मात्र तीच आहे. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही शेजारी लावल्या. आजच्या घंटेचा ठळक सूर ६१२ हर्ट्झ, कॅसेटवरच्या घंटेचा ६३०. म्हणजे टेप सुमारे तीन टक्के पळते, पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मं. तेवढा वेग कमी केला आणि ऐकलं.

ती आजी होती. मावशीला फोनवर ऐकवलं, ती म्हणाली, "हां. हीच. आता आई आली."

हिशेब पुढे : त्याच कॅसेटवर पेटीचा सा, काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी), वेग सुधारल्यावर २८० हर्ट्झवर बसतो. म्हणजे तिची पेटी आजच्या प्रमाण सुरापेक्षा किंचित चढी होती. आत्तापर्यंत भरलेल्या बाकीच्या कॅसेटवर घंटा नाही, पण पेटी आहे. प्रत्येकीवर काळी एक २८० वर आणली की ती कॅसेट जागेवर येते. प्रत्येकीचा वेग वेगळा निघाला, १९८६ ची जवळजवळ बरोबर, १९९६ ची सगळ्यांत वाईट. कॅसेटमागे वीस मिनिटं लागली. मूळ फाइल तशीच ठेवून सुधारलेली वेगळ्या नावाने साठवते आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

पेटी. आधी माझी चूक. ऑगस्टमध्येच भात्याच्या घडीतली फट मी कापडाची पट्टी लावून फेव्हिकॉलने बुजवली होती. महिनाभरात ती घडीवर कडक होऊन तडकली आणि फट दुप्पट झाली. पेटीवाल्या काकांनी पाहून सांगितलं, घडी ही वाकणारी जागा, तिथे मऊ कातडं आणि सरस. माझा फेव्हिकॉल खरवडायलाच त्यांचा अर्धा दिवस गेला.

एकूण मजुरी ६,५००. भाता, दोन मुके सूर (एकात नुसतं कसरीने खाल्लेल्या बनातीचं धूळकट बोळकं अडकलं होतं, दुसऱ्याची पितळी जीभ तुटली होती, तिथे गुजरातेतल्या पालिताण्याचा नवा सूर बसवला), पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा. सगळी पेटी आजच्या प्रमाण सुरात लावून देऊ का, असं त्यांनी विचारलं. घंटेचा हिशेब हातात नसता तर मी हो म्हणाले असते. सूर चढवायचा तर पितळी जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर बुडाशी घासतात, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. काकांनाच मग ते पटलं. फक्त बिघडलेले पाच सूर तिच्या २८० ला धरून लावायचे ठरले.

निघताना ते म्हणाले, "ताई, एक बघा." पांढरी तीनचा खर्जाचा सूर त्यांनी साफ केला होता, टोकावर मळाचा थेंब होता म्हणून. मग नराच्या पाटावर त्याच पट्टीचा सूर काढला, तर तिथेही टोकावर नेमका तसाच थेंब. मळ असा जागा बघून बसत नाही. नखाने टोकरलं तर मेण. मेणबत्तीचं, पिवळं पडलेलं, मोहरीएवढं.

५ ऑक्टोबर

जिभेच्या टोकावर वजन वाढलं की सूर उतरतो, हे काकांनी सांगितलं. पण कोणी आणि का लावलं?

'देशी चाली' कॅसेट काढली. टेप पळो किंवा न पळो, दोन सुरांमधलं अंतर बदलत नाही, त्यामुळे इथे घंटाही लागत नाही. काळी एक सा धरला तर पांढरी तीन हा कोमल गंधार. पेटीच्या नेहमीच्या जुळणीत तो ३३३ च्या आसपास हवा, आजीचा ३२९ वर आहे. चार हर्ट्झ म्हणजे फार नाही, पण उत्तम शुक्रवारचं (गुड फ्रायडेचं) जे पद ती म्हणायची त्यात तो गंधार येतो तिथे गळा आणि पेटी एक होऊन जातात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आणि त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी आपल्या उपासनेत ओवी, अभंग, कीर्तन आणलं. त्या चालींना पेटीचा ठोकळ गंधार टोचतो, असं गाणारे सांगतात. आजीने सांगितलं नाही, मेण लावून टाकलं.

मग विलायती चालींचं काय? तिथे उतरलेला सूर बेसूर वाटला असता. नाताळची कॅसेट लावली. विलायती चाली ती सगळ्या काळी तीनवरून वाजवते, एकही दुसरीकडून नाही. घरात आम्ही समजत होतो की मंडळीच्या गळ्यासाठी. कागदावर सप्तक मांडून पाहिलं. काळी तीन सा धरला की मोठ्या सप्तकात पांढरी तीन लागतच नाही. तिने ती पट्टी देशी पदांसाठी राखली आणि विलायती पदं तिला न शिवता वाजवली. दोन्ही एकाच पेटीवर, एकाच रविवारी.

आज दिवसभर दुसरं काही केलं नाही.

११ ऑक्टोबर

मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा तिला एक आठवलं आणि मग मलाही. शेवटच्या दोन वर्षांत आजीला आमची नावं आठवत नव्हती. बहीण तिच्या पलंगाशी बसून इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर पदं वाजवायची. नाताळची पदं चालू असली की आजी डोळे मिटून ऐकायची. उत्तम शुक्रवारचं पद लागलं की ठरावीक ठिकाणी मान हलवायची, नाही, नाही. आम्हाला वाटायचं त्या पदाने तिला त्रास होतो, आजोबा आठवत असतील. आम्ही ते पद वाजवणंच बंद केलं होतं.

कीबोर्डचा गंधार ठोकळच असतो. पेटी तेव्हा दोन हातांवर कपाटावर होती, भाता फुसफुसतो म्हणून काढली नव्हती. साडेसहा हजारांचं काम होतं. ते आम्ही तेव्हा करायला हवं होतं.

१८ ऑक्टोबर

काकांकडे जाऊन खर्जाला पुन्हा मेण लावलं. पहिला थेंब तांदळाएवढा, सूर फारच उतरला. खरवडून मोहरीएवढा, मग त्याहून किंचित कमी. कानाला कॅसेट, हातात टाचणी, तेरा वेळा लावलं-काढलं. खर्ज आणि नर एकत्र वाजवल्यावर लाटा यायच्या थांबल्या की जमलं. काकांनी या कामाचे पैसे घेतले नाहीत.

वहीचं : २१४ पदं टाइप झाली. मामाने मुद्रितं तपासताना जिथे जिथे आजीचे शब्द छापील पुस्तकापेक्षा वेगळे होते तिथे छापलेले घातले, ३१ ठिकाणी. मेणाचं कळल्यावर मी ती सगळी ठिकाणं कॅसेटशी ताडून पाहिली. २६ ठिकाणी ती वहीत आहे तसंच म्हणते. जुन्या आवृत्तीत त्यातले ११ शब्द तसेच छापलेले आहेत. बाकीचे तिच्या आईकडून आले असतील किंवा तिचे स्वतःचे. सगळे वहीप्रमाणे परत केले, खाली टीप दिली नाही. मामाला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्यानेच तांबड्या पेनाने परत फिरवले.

८ नोव्हेंबर

छापखाना. ६४ पानं, १५० प्रती, १३,८०० रुपये. युनिकोडमधला मजकूर त्यांनी जुन्या फाँटमध्ये घेतला आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' सगळीकडे मोडले, रफार भलत्या अक्षरावर गेले. तीन मुद्रितं तपासावी लागली, आठ दिवस गेले. मजकूर देतानाच पीडीएफ करून द्यावा, त्यांच्याकडे अक्षरजुळणी ठेवू नये.

पुस्तिकेच्या मागच्या पानावर कॅसेटसाठी चौकोनी कोड दिला होता. छापील आकार नखाएवढा झाला, म्हाताऱ्यांच्या फोनवर वाचला जाईना. दीड इंचाचा करून घेतला.

आत्तापर्यंतचा खर्च २८,५३० रुपये, त्यातले दुकानाचे १,५०० पाण्यात. एसटीचं भाडं धरलेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार, नगर

सकाळी सात वाजता कबरस्तानात, दगडावर १९२६. मग देवळात उपकारस्तुती. पेटी मावसबहिणीने वाजवली. आधी नाताळचं पद काळी तीनवरून, मग उत्तम शुक्रवारचं काळी एकवरून. स्मृतिदिनाला ते पद कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. मावशी पुढच्या बाकावर होती. गंधार आला तेव्हा तिने माझा हात धरला आणि पद संपेपर्यंत सोडला नाही.

पुढच्यांसाठी उरलेलं : बुरशीच्या तीन कॅसेटपैकी एक अजून भरायची आहे. मूळ फाइलींच्या तीन प्रती, एक मामाकडे, एक माझ्याकडे, एक देवळाच्या कार्यालयात पेन ड्राइव्हवर. पेटी आता देवळातच राहील. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे, सरसाने : 'पांढरी तीन, खर्ज आणि नर, दोन्ही सुरांच्या टोकाला मेण आहे. काढू नये. सा २८०.'